पुराच्या लाटेचा पक्का हिशेब

आज पापडाचा भाव नाही, बँकेची कर्जजोडणी नाही, मिरची-हळदीच्या पाकिटावरचं लेबल नाही. आज आम्ही गणितावर बोलणार आहोत. थांबा, रेडिओ बंद करू नका! आमचं स्वतःचं शिक्षण बी.ए., तेही मराठी आणि इतिहास घेऊन. दहावीचा पेपर दिला त्याच दिवशी आम्ही गणिताला हात जोडले होते. पण एका कर्जाच्या अर्जानं ते पुन्हा आमच्या दारात आलं.

झालं असं. आमच्या एका गटातल्या मावशींनी वीस हजारांचं कर्ज मागितलं. लेक अमरावतीला एम.एस्सी. करते, तिच्या दुसऱ्या वर्षाच्या खोलीभाड्याला आणि मेसला. गटाचा नियम तुम्हाला माहीत आहे, कर्जाचा उद्देश रजिस्टरमध्ये लिहावा लागतो. मावशींनी लेकीकडून चिठ्ठी लिहून आणली होती. त्यावर होतं, 'चल सहगुणक असलेल्या अरेषीय तरंग समीकरणांच्या अचूक उकली'. सचिव बाईंनी ती दोनदा वाचली. मग मागून एक आवाज आला, "हे कोणतं पीक होय वो?"

सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता. शेळीसाठी कर्ज दिलं तर शेळी दिसते. शिलाई मशीन दिसते. ही काय घेणार आहे, तेच समजेना. दोघी-तिघींचं म्हणणं पडलं की जे समजत नाही त्याला गटाचा पैसा कसा द्यायचा? मावशींचा चेहरा उतरला. शेवटी ठरलं, पुढच्या बैठकीला पोरीलाच बोलवा.

ती आली. आणि तिनं सुरुवात लाटेपासून केली नाही, आमच्याच एका फजितीपासून केली. मध्यंतरी आम्ही गटाचा हिशेब मोबाईलवरच्या एका अ‍ॅपवर टाकायला लागलो होतो. एका बाईचं कर्ज बारा हजार, महिना शेकडा एक रुपया व्याज, मुद्दल दरमहा हजार रुपये परत. अ‍ॅपनं वर्षाचं व्याज दाखवलं 1,440 रुपये. आम्ही मान डोलावली, यंत्र कशाला चुकेल? तेवढ्यात आमच्या सगळ्यात वयस्कर सदस्य म्हणाल्या, "सातशे ऐंशी." त्यांना लिहिता येत नाही. पण बारा हजार, बारा हप्ते, शेकडा एक, याचं उत्तर त्यांना वर्षानुवर्षांच्या सवयीनं पाठ. पहिल्या महिन्याला 120, दुसऱ्याला 110, असं उतरत शेवटी 10. बेरीज 780. अ‍ॅप दर महिन्याला पूर्ण बारा हजारांवरच व्याज लावत होतं. एक पक्कं उत्तर आधीपासून ठाऊक होतं, म्हणून यंत्राची चूक सापडली.

"मी तेच काम शिकते," पोरगी म्हणाली. "फक्त कर्जाऐवजी लाटा."

"लाटा समुद्राच्या असतीन. आपल्या इथं कुठून आल्या लाटा?" असं कुणीतरी विचारलं. यावर दुसरीच बाई बोलली, जिचं माहेर वरुड तालुक्यातलं आहे. तिनं एवढंच म्हटलं, "मोवाड."

तरुण मुलींना कदाचित माहीत नसेल. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीच्या पुरात मोवाड बुडालं. नदीच्या पलीकडचं, नागपूर जिल्ह्यातलं गाव. दोनशेहून जास्त माणसं एका पुरात गेली. आमच्या त्या सदस्य तेव्हा परकर-पोलक्यातल्या होत्या, अलीकडच्या काठावर. बैठकीत दोन मिनिटं कुणी बोललं नाही. नदीचा पूर हीसुद्धा एक लाटच असते, फक्त लांबलचक. पाण्याचा फुगवटा वरून खाली सरकत येतो. तो कुठे किती उंच होईल आणि किती वाजता पोहोचेल, याचं गणित म्हणजे तरंग समीकरण.

आता त्या चिठ्ठीतला एकेक शब्द घेऊ. तिनं आम्हाला गटाच्या भाषेतच समजावला, आम्ही तसाच तुम्हाला सांगतो.

'रेषीय' म्हणजे सरळ हिशेब. कर्ज दुप्पट तर व्याज दुप्पट. 'अरेषीय' म्हणजे तसं नाही. समजा गटानं ठरवलं की दहा हजारांपर्यंत शेकडा एक आणि त्यावर शेकडा दोन. मग रक्कम स्वतःच स्वतःचा दर बदलते; दुप्पट कर्जाला दुपटीहून जास्त व्याज. पाण्याचं असंच आहे. उथळ पाण्यात लाटेचा उंच भाग बुटक्या भागापेक्षा जोरात धावतो. मागचा पुढच्यावर चढतो, आणि लाटेचं तोंड भिंतीसारखं उभं होत जातं. नाल्याला अचानक लोंढा आलेला ज्यांनी पाहिला, त्यांनी ते तोंड पाहिलं आहे.

'चल सहगुणक' म्हणजे दर जागेप्रमाणे बदलतो. जसं पेरणीच्या महिन्यात एक दर आणि कापूस विकल्यावर दुसरा. नदीत हा दर म्हणजे खोली, रुंदी, उतार. आपलीच नदी बघा ना. शहानूर मेळघाटाच्या डोंगरातून खाली उड्या मारत येते आणि अंजनगाव-दर्यापूरच्या काळ्या मातीत आली की सपाट, सुस्त होते. पुढे पूर्णा खोल कापलेल्या काठांमधून जाते. गांधीग्रामच्या पुलावर पाणी आलं की अकोट-अकोला रस्ता बंद व्हायचा, हे आपण अनेक पावसाळ्यांत ऐकलं आहे. सगळीकडे एकसारखी अशी नदी कुठेच नाही.

आणि 'अचूक उकल' म्हणजे आमच्या आजींचं सातशे ऐंशी.

वरच्या दोन्ही भानगडी एकत्र आल्या की हिशेब महिन्यागणिक रजिस्टर मांडून करता येतो, पण सरळ एका ओळीत उत्तर देणारं सूत्र बहुधा मिळत नाही. म्हणून संगणक नदीचे हजारो तुकडे करून, क्षणाक्षणाचं रजिस्टर मांडत जातो. आम्ही लगेच विचारलं, मग झालं की! संगणक करतो तर तू कशाला? ती म्हणाली, "अ‍ॅपनंही केलं होतं ना."

मग तिनं एक जुना हिशेब सांगितला, तो आम्हाला फार आवडला. 1892 मध्ये ऑगस्ट रिटर नावाच्या जर्मन गृहस्थानं धरणाची भिंत एकाएकी नाहीशी झाली तर पाणी कसं धावेल, याची अचूक उकल काढली. अट अशी की खालची जमीन सपाट, कोरडी, गुळगुळीत. भिंतीमागे नऊ मीटर पाणी असेल तर भिंतीच्या जागी पाणी लगेच चार मीटरवर येतं आणि मागचा साठा उतरत जाईपर्यंत बराच वेळ चारवरच थांबतं. आधी कितीही खोल असो, नवातले चार भाग. पुढे धावणारं टोक नऊ मीटरच्या साठ्यासाठी ताशी 68 किलोमीटरच्या आसपास जातं. आपली मोटारसायकल हायवेवर जाते तेवढं! खऱ्या जमिनीवर झाडं, दगड, वावराचे बांध असतात, त्यांच्या घर्षणानं ते टोक बरंच मंदावतं.

"मग खोटाच हिशेब झाला नं," एक जण म्हणाली. "अशी सपाट जमीन हाय कुठं?"

इथे आमच्या मसाला केंद्रातला काटा मदतीला आला. वजनमापाचे साहेब काटा तपासायला येतात तेव्हा ते मिरची मोजत नाहीत. पितळी, शिक्क्याचं वजन ठेवतात. त्या वजनाची भाजी होत नाही, पण त्याच्याशिवाय मिरचीवर विश्वास ठेवता येत नाही. रिटरची सपाट नदी हे तसं वजन आहे. पुराचा अंदाज काढणारा नवा प्रोग्राम आला की आधी त्याला ही खोटी नदी द्यायची. नवातले चार आले नाहीत तर त्याच्या हातात पूर्णा कशी देणार?

पण साहेब एकाच वजनानं काटा पास करत नाहीत. किलोला बरोबर असणारा काटा वीस किलोला चुकू शकतो. तसा सपाटीवर पास झालेला प्रोग्राम उतारावर गडबडू शकतो. म्हणून उताराची, बदलत्या खोलीची वजनंही हवीत, आणि ती घडवणं फार अवघड. मावशींची लेक ज्याच्या मागे लागली आहे ते हेच.

या वाटेवरचा पहिला मोठा माणूस कोण, तर पिठाची चक्की चालवणारा! इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे जॉर्ज ग्रीन. लहानपणी शाळा जेमतेम वर्षभर, मग वडिलांची भट्टी आणि पवनचक्की, आणि गणित स्वतःचं स्वतः. चाळिशीला पोहोचल्यावर ते केंब्रिजला शिकायला गेले. आमच्या गटात चाळिशीनंतर दहावीला बसलेल्या दोघी आहेत, त्यांनी हे ऐकून एकमेकींना कोपर मारलं. 1837 मध्ये ग्रीन यांनी खोली आणि रुंदी बदलणाऱ्या कालव्यातल्या लाटेचा नियम मांडला. खोली सोळावा हिस्सा झाली तर लाटेची उंची दुप्पट होते. रुंदी चौथा हिस्सा झाली तरी दुप्पट. आणि खोली पाव होताना रुंदी दुप्पट झाली, तर दोन्ही परिणाम एकमेकांना खातात, उंची होती तेवढीच राहते. हा नियम बुटक्या लाटांचा आणि हळूहळू बदलणाऱ्या कालव्याचा, म्हणजे जवळपासचा. मोठी, अरेषीय लाट त्याला जुमानत नाही.

त्या मोठ्या लाटेची उतारावरची अचूक उकल 1958 मध्ये कॅरियर आणि ग्रीनस्पॅन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी दिली. त्यांची युक्ती आम्हाला घरगुती वाटली. सगळे विचारत होते, 'या जागी, या वेळी पाणी किती?' त्यांनी प्रश्न उलटा केला. 'एवढा वेग आणि एवढी खोली असलेलं पाणी कुठे आणि कधी सापडेल?' आम्हीही करतो की असं. दहाव्या महिन्यात कर्ज किती उरेल याच्याऐवजी विचारतो, कर्ज शून्य कोणत्या महिन्यात होईल? प्रश्न उलटला आणि अरेषीय समीकरण सरळ झालं. त्यांची उकल आज त्सुनामीचे प्रोग्राम तपासायच्या वजनांपैकी एक आहे. 26 डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर आपल्या देशानं हैदराबादला इशारा केंद्र उभारलं, ते 2007 पासून चालू आहे. वजनं कशाला लागतात, ते तेव्हा साऱ्या जगाला दिसलं.

आणि एक नाव आपल्याकडचं, तेही बाईचं, म्हणून मुद्दाम सांगतो. पुणे विद्यापीठाच्या गणित विभागात काम केलेल्या डॉ. वर्षा दफ्तरदार-गेज्जी. त्यांनी आणि हुसेन जाफरी यांनी 2006 मध्ये अरेषीय समीकरणं सोडवायची एक रीत प्रसिद्ध केली. जगात ती दोघांच्या नावानं ओळखली जाते. आम्हाला समजली ती अशी. आधी एक ढोबळ उत्तर धरा. ते समीकरणात घाला, जे बाहेर येईल ते पहिली भर. मग दोन्हींची बेरीज पुन्हा घाला, पण आधी मोजलेलं वजा करून फक्त नवा फरक घ्या. असं करत सगळे फरक जोडत जा. म्हणजे दर बैठकीला सगळं रजिस्टर पुन्हा न लिहिता फक्त त्या महिन्याची भर मांडायची. कधी कधी त्या सगळ्या भरींची बेरीज ओळखीच्या एका सूत्रात नीट बसते, तेव्हा ती अचूक उकल. नाही बसली तर जवळचं उत्तर तरी हातात असतं.

पोरगी स्वतः काय करते? ती लाटेचा आकार आधी मनानं धरते, त्यात काही अंक मोकळे ठेवते, समीकरणात घालते आणि ते अंक जुळतात का पाहते. बहुतेक वेळा जुळत नाहीत. जुळतात ते खोली आणि रुंदी यांचं एकमेकींशी ठरावीक नातं असेल तेव्हाच. आतापर्यंत तिच्या वहीत जुळलेली अशी दोनच आहेत, आणि पानं तीनशे.

आम्ही तिला सरळ विचारलं, आपल्या गावात पाणी किती वाजता येईल ते सांगशील का? ती म्हणाली, नाही. त्याला नदीचं मोजमाप लागतं, पाऊस लागतो, धरणाचे दरवाजे किती उघडले ते लागतं, ते काम जलसंपदा विभागाचं. खडकवासल्याला केंद्र सरकारची पाणी आणि वीज संशोधन संस्था आहे, तिची सुरुवात 1916 ची, तिथे असे अभ्यास होतात. "मी फक्त वजनं घडवते," ती म्हणाली. आम्हाला हे उत्तर बरं वाटलं. सगळं येतं म्हणाली असती तर आम्ही बिचकलो असतो.

माहेर वरुडचं असलेल्या बाईंनी पहिला हात वर केला. मग बाकीच्यांनी. एकीनं केला नाही. तिचं म्हणणं, आधी घरच्या मोटरीला कर्ज मागणाऱ्या दोघी रांगेत आहेत. तेही खोटं नव्हतं. त्या दोघींचं पुढच्या महिन्यात करायचं ठरलं. रजिस्टरमध्ये उद्देशाच्या रकान्यात सचिव बाईंनी चिठ्ठीतलं लांबलचक वाक्य लिहायला घेतलं, अर्ध्यावर खोडलं आणि लिहिलं, 'पुराच्या लाटेचं शिक्षण'.

वीस हजार, दहा हप्ते, शेकडा एक. कुणीतरी अ‍ॅप उघडायला फोन काढत होतं. आजी म्हणाल्या, "अकराशे."