हरिभाऊंच्या वाचनाचा आरंभ

हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांचे नाव मराठी कादंबरीच्या इतिहासात आदराने घेतले जाते. मात्र हा आदर पुष्कळदा त्यांचे एकही पुस्तक न उघडता व्यक्त होतो. प्रथमच त्यांच्याकडे वळणारा वाचक बहुधा शिवकालाच्या ओढीने ‘उषःकाल’ हाती घेतो, तिच्या विस्ताराने थकतो आणि हरिभाऊ आता जुने झाले असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. त्याची निवड चुकलेली असते. ‘कर्मयोग’सारखी अपुरी राहिलेली कादंबरी तर आरंभाला मुळीच घेऊ नये.

आरंभ करावा तो ‘पण लक्षात कोण घेतो?’ पासून. ही कादंबरी हरिभाऊंनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून क्रमशः, म्हणजे दर अंकात थोडीथोडी, प्रसिद्ध झाली. आजच्या वाचकाला जाचणारा पाल्हाळ, मागील प्रसंगांची पुन्हापुन्हा दिलेली आठवण आणि मध्येच वाचकाशी केलेला संवाद यांचे मूळ बऱ्याच अंशी या प्रकाशनपद्धतीत आहे. आठवड्याच्या खंडानंतर कथेचा धागा वाचकाच्या हाती पुन्हा द्यावा लागे. म्हणून ही कादंबरी एका बैठकीत संपवण्याचा हट्ट न धरता रोज दोन-तीन प्रकरणे या बेताने वाचणे इष्ट. तिच्या घडणीला तोच वेग मानवतो.

तिचे खरे सामर्थ्य निवेदनात आहे. संपूर्ण कथा नायिका यमू स्वतः सांगते, आणि पुरुष लेखकाने स्त्रीच्या तोंडी घातलेले हे आत्मकथन त्या काळच्या ब्राह्मण घरातील माजघर, म्हणजे घराच्या आतील बायकांच्या वावराचा भाग, इतक्या बारकाईने उभे करते की सासुरवास हा निबंधाचा विषय न राहता रोजचे बोलणे, टोमणे आणि गप्प बसणे यांतून उलगडत जातो. पती रघुनाथराव तिला लिहिण्या-वाचण्याची गोडी लावतो, मुंबईच्या बिऱ्हाडात तिला काही काळ मोकळेपणा लाभतो आणि वैधव्यानंतर तिचे बळजबरीने केशवपन होते, म्हणजे विधवेचे केस काढून टाकण्याची रूढी तिच्यावर लादली जाते. समाजसुधारक आगरकरांनी सुधारणेसाठी जो युक्तिवाद तर्काने मांडला, तो हरिभाऊ येथे घटनांतून मांडतात, आणि कलादृष्ट्या ते अधिक अवघड काम होते. उत्तरार्धात दुःखाचा भार काहीसा अति होतो, हेही मान्य केले पाहिजे.

ज्यांना एवढी दीर्घ कृती प्रथमच झेपणार नाही, त्यांनी दुष्काळावरील ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा आधी वाचावी. ऐतिहासिक कादंबऱ्या त्यानंतर घ्याव्यात, आणि त्यांतही विजयनगरच्या पाडावावरील ‘वज्राघात’ अगदी शेवटी.