स्तनाच्या कर्करोगावरील गोळी आणि डोळे



ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेथे आज आम्ही एका लहानशा गोळीविषयी बोलणार आहोत. विषय भगिनींचा आहे म्हणून पुरुषांनी उठून जाऊ नये.

स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले की महाड-पोलादपूरच्या कित्येक भगिनी मुंबईहून टॅमोक्सिफेनची गोळी घेऊन गावी येतात. या रोगाचे काही प्रकार इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर पोसतात. ही गोळी ती वाट अडवते. रोज २० मिलिग्रॅम, बहुधा ५ वर्षे, काहींना १० वर्षेही. या प्रकारात रोग उलटण्याचा धोका तिने पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ निम्म्याने घटतो.

मात्र काहींच्या डोळ्यांना तिचा त्रास होतो. फार मोठा डोस घेणाऱ्या रुग्णांच्या डोळ्याच्या पडद्यावर चकाकणारे बारीक कण साचल्याचे १९७८ साली डॉक्टरांनी नोंदले. आजच्या डोसात हे क्वचितच घडते. कधी पडद्याच्या मध्यभागी सूज येते, मोतीबिंदूही होऊ शकतो. अक्षर मधोमध पुसट होणे, सरळ रेघ वाकडी दिसणे, रंग फिके वाटणे, असे काही जाणवले तर लगेच दाखवावे. पाळी गेलेल्या भगिनींना लेट्रोझोलसारख्या गोळ्या देतात, त्याने डोळे कोरडे पडू शकतात. अर्थात प्रत्येक धूसरपणा गोळीचाच नसतो. मधुमेहानेही पडदा बिघडतो. बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत मधुमेह होता आणि दृष्टी अधू झाली होती.

आमच्याकडे दोन चुका होतात. एक, "वय झालं" म्हणून गप्प बसणे. दुसरी अधिक घातक: "गोळीने डोळे जातात" असे ऐकून ती परस्पर बंद करणे. गोळी चालू ठेवायची की बदलायची, हे कर्करोगाच्या डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

नेत्रशिबिरात डॉक्टर विचारतात, "काही औषध चालू आहे का?" मागे शेजारीण उभी असते. आमची भगिनी लाजेने "काही नाही" म्हणते, आणि डॉक्टरांना खरे कारण कळतच नाही. तिने न बोलता गोळ्यांचे पाकीट पुढे केले तरी पुरे. आणि पुढील शिबिरात तपासणीच्या टेबलापाशी एका वेळी एकच जण उभा राहील, एवढी व्यवस्था आमच्या कार्यकर्त्यांनी करावी.

जयभीम! नमो बुद्धाय!