चुंबक चिकटणारी भिंत
(ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हल्ली आमच्याकडे चहाला येणारा प्रत्येक जण स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत बघून विचारतो, हे काय नवीन काढलंय? शेवटी सचिवांनी फर्मावलं, एकदाच सगळ्यांना सांगून टाका.

ही भिंत हौसेची नाही. आमच्या सौभाग्यवतींना दोन वर्षांपासून विसर पडायला लागलाय. तिला विचारूनच बोलतोय, ती समोरच बसली आहे. सकाळची गोळी घेतली का, आज वार कोणता, नातू पुण्यात की बंगळूरला, यावर दिवसभर गाडी अडायची. मी सांगायचो, पण पुन्हापुन्हा विचारायचा तिला कमीपणा वाटू लागला. पुढे तिनं विचारणंच कमी केलं. ते मला जास्त जड गेलं. वही करून दिली, तर वही कुठे ठेवली हाच प्रश्न. मोबाइल आम्हा दोघांनाही दाद देत नाही. भिंत मात्र जागची हलत नाही.

भिंतीवर लिहिणं आपल्या जिल्ह्याला नवीन नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या बोलक्या भिंती तुम्ही पाहिल्या असतील, पाढे, बाराखडी, नकाशे. आपल्या हिवरे बाजारला पडलेल्या पावसाचा ताळेबंद ग्रामसभेत सगळ्यांसमोर मांडतात आणि मग पिकं ठरवतात. हिशेब चारचौघांना दिसला की विचारावं लागत नाही, हे मला बँकवाल्याला लगेच पटतं. पण रंगवलेला पाढा कायमचा असतो. आम्हाला रोज बदलणारी भिंत हवी होती, आणि तीही तिच्या हातानं बदलता येणारी. टाचण्या नकोत, चिकटपट्टीनं पोपडे निघतात. म्हणून चुंबक.

आता कृती. लोखंडाची अगदी बारीक पूड मिसळलेला प्राइमर मिळतो. रंग स्वतः चुंबक नसतो बरं का, तो फक्त चुंबकाला धरायला लोखंड देतो. भिंत खरवडून, पुट्टी भरून, पॉलिश पेपर मारून गुळगुळीत करायची. डबा तळापासून ढवळायचा, आणि मध्ये मध्ये पुन्हा ढवळायचा, कारण लोखंड खाली बसतं. नुसता वरचा पातळ रंग लावलात तर पैसे पाण्यात. निदान तीन हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. त्यावर आवडीचा रंग, पण पातळ. वर जाड थर चढवला की चुंबक आणि लोखंड यांच्यातलं अंतर वाढतं आणि पकड झपाट्यानं कमी होते. ओल येणाऱ्या भिंतीला हे करू नका, आतलं लोखंड गंजून डाग वर येतात.

या रंगावर एखादा फोटो, एखादी चिठ्ठी राहते. विजेच्या बिलांचा गठ्ठा राहणार नाही. फ्रिजवरची रबरी चुंबकं तर त्यावरून घसरतात. जास्त पकड हवी असेल तर सरळ जी.आय. पत्रा लावा, कडांना पट्टी ठोका म्हणजे हात कापणार नाही. पत्र्यावर रंग द्यायचा असेल तर आधी जस्ताच्या पत्र्याचा प्राइमर मारा, नाहीतर रंग सालपटासारखा सुटतो. दुकानात जाताना खिशात चुंबक ठेवा. स्टीलचे बरेच प्रकार चुंबकाला धरत नाहीत, अॅल्युमिनियम तर नाहीच.

आमच्या भिंतीला खतावणीसारख्या दोन बाजू आहेत. डावीकडे ‘करायचं’, उजवीकडे ‘झालं’. सकाळची गोळी, दुपारची गोळी, देवपूजा, मुलीला फोन, अशा ठळक अक्षरांतल्या चिठ्ठ्या. गोळी घेतली की ती स्वतः चिठ्ठी उजवीकडे सरकवते. वर आजचा वार आणि तारीख. खाली नातवंडांचे फोटो, नाव आणि गाव लिहिलेले. सगळं तिच्या नजरेच्या उंचीवर, माझ्या नाही. कधी चिठ्ठी सरकते आणि गोळी पाकिटातच राहते, म्हणून रात्री मी गोळ्या मोजतो. रोजची कॅश टॅली करायची सवय आहेच! तिची आठवण भिंतीनं परत आणली असं मी म्हणणार नाही. डॉक्टर आणि औषधं चालूच आहेत. पण मागच्या आठवड्यात मीच मुलीला फोन करायचा राहिलो होतो, तेव्हा तिनं भिंतीकडे बोट दाखवून मला दटावलं.

दोन गोष्टी कृपया कान देऊन ऐका. लहान पण जोरदार चुंबकं येतात, निओडिमियमची. घरात लहान मूल असेल तर ती आणूच नका. दोन गिळली गेली तर आतड्यात एकमेकांना ओढतात आणि जिवावर बेततं, अशा वेळी तडक दवाखाना. आणि पेसमेकर असलेल्यांनी चुंबक छातीपासून वीतभर तरी लांब ठेवावं, शर्टाच्या खिशात तर नकोच. चुंबकीय काळी पट्टी असलेलं कार्ड आणि पासबुकही त्याच्याजवळ ठेवू नका.

अर्धा डबा प्राइमर माझ्याकडे शिल्लक आहे, वाळायच्या आत कुणीतरी न्यावा. ब्रश मात्र आपापला आणा.