उमेदवारी म्हणजे उपकार नव्हे

(परभणी येथे महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणावरून)



आपल्याकडे ‘उमेदवारी’ असा एक जुना शब्द आहे. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, दवाखान्यात मुलगा उमेदवारी करायचा. पगार नसायचा, पण काम हाताखालून जायचे. आज त्यालाच आपण इंटर्नशिप म्हणतो. मुलगा निघाला की घरचे विचारतात, ‘काय शिकणार?’ मुलगी निघाली की विचारतात, ‘राहणार कुठे? सोबत कोण? पैसे कुठून आणायचे?’ हे प्रश्न खोटे नाहीत. पण त्यांची उत्तरे एकट्या मुलीने शोधायची, हे मला मान्य नाही.

माझेच सांगते. एम.एस.डब्ल्यू. करताना महिनाभराच्या क्षेत्रकार्यासाठी मला एका संस्थेत पाठवले. काय काम करायचे हे कागदावर कुठेच नव्हते. दोन आठवडे मी रजिस्टरे उतरवून काढली, पाहुण्यांना चहा दिला. माझ्याबरोबरच्या मुलाला गावोगावच्या बैठकांना नेत. मला म्हणत, ‘तू इथंच बरी.’ महिन्याच्या शेवटी प्रमाणपत्र मिळाले, शिकणे राहून गेले. माझ्या वर्गातली एक मैत्रीण तर गेलीच नाही. तिला दुसऱ्या जिल्ह्यात माझ्यापेक्षा चांगली जागा मिळाली होती, पण खोलीच्या आगाऊ भाड्याची सोय झाली नाही. तिने सरांना सांगितले, ‘तब्येत बरी नाही.’ गरिबी सांगायची लाज वाटते, म्हणून आपण आजार सांगतो. आज मी बोलायला उभी राहिले ती तिची आठवण ठेवून.

पहिला प्रश्न जागा शोधण्याचा. आपल्या परभणीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२ पासूनचे. तिथल्या शेवटच्या वर्षाच्या मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात जातात. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो येतो, खाली ‘कृषिकन्या’ असे छापलेले असते. त्यांचे गाव, वेळापत्रक, मार्गदर्शक हे सारे महाविद्यालय ठरवते, म्हणून घरचेही फारसे अडवत नाहीत. कला, वाणिज्य, विज्ञान शाखांच्या मुलींना मात्र बहुतेक वेळा ‘जागा तुम्हीच बघा’ असे सांगितले जाते. २०२३ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्या राज्यात पदव्युत्तर अभ्यासक्रमात ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ला श्रेयांक आहेत. ज्याला गुण आहेत ते अभ्यासाचाच भाग झाले. मग त्याची सोय विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विभागप्रमुखांकडे आधीच्या वर्षीच्या मुली कुठे गेल्या होत्या त्याची यादी मागा. यादी नसेल तर तुमच्यापासून सुरू करा.

लांबच जायला हवे असेही नाही. जिल्हा परिषद, महिला व बालविकास कार्यालय, बँक, कृषी विज्ञान केंद्र, बचतगटांचे फेडरेशन ही सारी शिकण्याची ठिकाणे आहेत. थोडे पुढे गेलात तर अंबाजोगाईला मानवलोक आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेला आरोग्य प्रकल्प आहे. खेड्यातल्या, फारसे न शिकलेल्या बायका तिथे आरोग्यसेविका झाल्या, आणि त्यांचे काम पाहायला जगभरचे डॉक्टर आले. सुट्टी लागायच्या तीन महिने आधी पत्र लिहा. पत्र एक पानाचे असू द्या: मी काय शिकते, मला काय येते, तुमच्याकडे काय शिकायचे आहे आणि किती दिवस येऊ शकते. उत्तर आले नाही तर पंधरा दिवसांनी फोन करा. त्यात कमीपणा नाही.

दुसरा प्रश्न पैशांचा. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. चांगले झाले. पण फी माफ झाली म्हणून खोली आणि डबा फुकट होत नाही. एसटीत २०२३ पासून आपल्याला अर्धे तिकीट आहे, ते हिशेबात धरा. अनुसूचित जाती व नवबौद्ध मुलींनी वसतिगृह मिळाले नसेल तर समाजकल्याण कार्यालयात स्वाधार योजनेची चौकशी करावी. २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. तिच्यात पदवीधराला दरमहा १०,००० रुपये ठरले होते, पण शिकत असलेल्यांना ती लागू नव्हती. म्हणजे ज्या काळात अभ्यासक्रमच आपल्याला बाहेर पाठवतो, नेमक्या त्याच काळात हात रिकामा. म्हणून जागा स्वीकारण्याआधी विचारा: विद्यावेतन आहे का? नसेल तर प्रवासखर्च, जेवण, राहणे यांतले काय देता? त्यानंतर वहीत दोन रकाने आखा, एकात खर्च आणि दुसऱ्यात सोय. जे कमी पडते तो आकडा घरी आणि महाविद्यालयात स्पष्ट सांगा. ‘परवडत नाही’ म्हटले की बोलणे संपते. ‘दीड हजार कमी पडतात’ म्हटले की वाट निघू शकते.

तिसरा प्रश्न तयारीचा. कामाचे स्वरूप, वेळ, देखरेख कोणाची, हे लिहून घ्या. रोज रात्री अर्धे पान तरी डायरी लिहा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. १९९२ साली राजस्थानात भंवरीदेवी या साथिनीवर, बालविवाह थांबवण्याचे काम केले म्हणून, सामूहिक बलात्कार झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे १९९७ चा विशाखा निकाल आणि पुढे २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा आला. या कायद्यात शिकाऊ, प्रशिक्षणार्थी, बिनपगारी काम करणारीही येते. दहा किंवा अधिक माणसे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून लहान जागा असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत, लेखी द्यायची. पहिल्याच दिवशी विचारा, ‘समितीत कोण आहे?’ कोणाला राग आला, तर ती जागा कशी आहे तेही कळेल.

शेवटी इथे बसलेल्या थोरल्या बायकांना एक विनंती. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या थिओडोसिया कार्पेंटर या बाईंनी त्यांना आपल्या घरात ठेवून घेतले. आनंदीबाईंची जिद्द आपण सांगतो, ते घर सांगायचे विसरतो. आपल्यापैकी कोणाचे घर परभणीत आहे, कोणाची बहीण संभाजीनगरला, कोणाची नणंद पुण्याला. महिनाभर एका मुलीला झोपायला जागा आणि दोन वेळची भाकरी, एवढे किती घरांत होईल? मी दारापाशी एक वही ठेवली आहे. जाताना आपले नाव आणि गाव लिहा. मुलींनो, तुम्हीही लिहा, कुठे जायचे आहे आणि किती कमी पडते आहे. यंदा कोणाला आजाराचे खोटे कारण सांगावे लागू नये.