महसीरची पहिली धाव

पानिपत म्हटलं की मराठी माणसाला १७६१ आठवतं. पण त्या शहराच्या पूर्वेकडून वाहणाऱ्या यमुनेची एक वेगळीच ख्याती होती. वरच्या अंगाला, डोंगर संपून मैदान लागतं तिथे, ताजेवाल्याला इंग्रजी अमदानीत गळ टाकणारे शौकीन जमत. त्यांना हवा असे महसीर.

अमेरिकेत जो मान बास माशाला, तो आपल्याकडे महसीरला. मात्र बासची हलकी सामग्री इथे तग धरत नाही. महसीरच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तरी त्याच्या तोंडात नाजूक गळ चक्क चिरडला जातो.

मद्रासच्या मुलकी सेवेतले हेन्री सलिव्हन थॉमस यांनी १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं. आकारमानाच्या हिशेबात महसीर सॅमनपेक्षा जास्त झुंजतो, असं त्यांचं ठाम मत. गळ लागताच तो प्रवाहात सुसाट सुटतो, म्हणून रिळावर दोरी भरपूर हवी. आमिष म्हणून चमच्यासारखा चकाकता पत्रा चालतो, कणकेचा गोळाही चालतो. कणकेत कमीपणा वाटलाच तर तो शौकिनाला, माशाला नाही!

ताजेवाल्याच्या जुन्या बंधाऱ्याचं काम आता जवळच्या हथनीकुंड बंधाऱ्याकडे आहे. पानिपतपाशी यमुनेत रंगकामाचं सांडपाणी मिसळतं, आणि महसीरला तर स्वच्छ, वाहतं पाणी लागतं. सोनेरी महसीर आज संकटग्रस्त आहे. जाणते गळवाले उलटा काटा नसलेला गळ वापरतात आणि मासा लगेच सोडतात. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची पिल्लं वाढवून तलावांत सोडली जातात.