संगणकाचा सांगाडा

संगणकाच्या बाजारांत ‘बेअरबोन’ नांवाचा एक माल मिळतो. नांवाचा अर्थ नुसता हाडांचा सांगाडा, आणि माल तसाच असतो: पेटी, तींत बसविलेला मदरबोर्ड व वीजपुरवठ्याची सोय. प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी हीं ज्याचीं त्यानें आणावीं व बसवावीं. तैवानच्या शटल कंपनीनें २००१ सालापासून असल्या लहान पेट्या लोकांच्या ओळखीच्या केल्या.

पेटीची किंमत ऐकून पुष्कळांस हर्ष होतो. मी पडलों मास्तर; हजेरी घेतांना आलेल्या मुलांपेक्षां न आलेल्यांकडे माझें लक्ष अधिक असे. येथेंहि तेंच करावें. पेटींत काय नाहीं तें आधीं कागदावर लिहावें, कारण खरा खर्च त्याचाच आहे. आमच्या शेजारच्या एका बाईंना मुलीच्या वाणिज्य शाखेच्या अभ्यासासाठीं संगणक हवा होता, आणि हातीं रक्कम बेताची. त्यांच्या यादींत प्रोसेसर, रॅम, एसएसडी, पडदा, कळफलक, माऊस व ऑपरेटिंग सिस्टिम इतक्या वस्तु आल्या, तेव्हां स्वस्त पेटी तयार संगणकाच्या किंमतीला जाऊन भिडली. पडद्याचें काम घरच्या दूरचित्रवाणी संचावर एचडीएमआय तारेनें भागलें. लिनक्स तर विनामूल्यच मिळतें. परंतु रॅमला असा पर्याय नाहीं, आणि २०२५ च्या अखेरीस तिचे भाव जगभर कडाडले. म्हणून दुकानांत प्रथम रॅमचा भाव विचारावा, मागाहून पेटीचा.

उदाहरणादाखल अ‍ॅसरॉक कंपनीचा डेस्कमिनी एक्स-३०० हा संच घेऊं. लांबी व रुंदी प्रत्येकी साडेपंधरा सेंटिमीटर, उंची आठ. पोळ्यांच्या डब्याहूनहि लहान. ह्यांत एएमडीचे एएम-४ सॉकेटचे प्रोसेसर बसतात. मात्र निराळें ग्राफिक्स कार्ड लावण्यास जागा नाहीं. तेव्हां चित्र उमटविण्याची शक्ति प्रोसेसरच्याच अंगीं पाहिजे. रायझन ५ ५६००जी चालतो. ‘जी’ नसलेला ५६०० त्याच जागीं बिनतक्रार बसतो, पण पडदा काळाच राहतो! एका अक्षरानें सगळे पैसे अडकून पडावयाचे. शिवाय ५६००जी बरोबर मिळणारा पंखा सुमारें ५४ मिलिमीटर उंच, आणि पेटींत मावतो ४६ पर्यंतचा. म्हणजे बुटका पंखा निराळा घेणें आलें. मदरबोर्डांतील बायॉस जुनें असेल तर नवा प्रोसेसर त्यास ओळखतां येत नाहीं. तें दुकानदाराकडूनच अद्ययावत् करून घ्यावें.

रॅम लॅपटॉपची, आंखूड पट्टीची, डीडीआर-४ जातीची लागते. सोळा जीबी घेणें असेल तर आठ-आठच्या दोन पट्ट्या घ्याव्या. चित्राचें कामहि ह्याच रॅममधून होतें, व दोन वाटा मोकळ्या असल्या म्हणजे तें लवकर होतें. पैसे थोडे असतील तर आज एक पट्टी घेऊन दुसरी खांच रिकामी ठेवण्यांत कमीपणा नाहीं.

जोडणी ही त्यामानानें सोपी. वीज तोडलेली असावी, व अंगांतील स्थिर विद्युत् जाण्यासाठीं आधीं उघड्या धातूला हात लावावा. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरील त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशीं जुळवून तो अलगद ठेवावा. दाबूं नये, स्वतःच्या वजनानें बसतो. त्यावर मटाराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट पुरे. रॅमची खांच जुळली कीं पट्टी तिरपी घालून खालीं दाबावी. टक् असा आवाज येतो. एसएसडीहि तिरपीच शिरते आणि एका स्क्रूनें आडवी राहते.

असल्या पेटींतला मदरबोर्ड बेताच्या मापाचा असतो. तो बिघडल्यास कोणत्याहि दुकानांतला दुसरा बोर्ड तेथें बसत नाहीं. ज्यांच्या टेबलावर जागा आहे त्यांनीं मोठ्या कॅबिनेटमध्यें सुटे भाग जोडून घ्यावे हें माझें मत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तसे भाग वर्षानुवर्षें मिळत आले आहेत. एका खोलीच्या बिऱ्हाडांत मात्र लहान पेटीच बरी. दोहोंतहि प्रत्येक भागाची हमी निराळी, तेव्हां पावत्या जपाव्या. आणि हल्लींच्या गुळगुळीत कागदावरील अक्षरें उन्हानें व उष्णतेनें उडतात, म्हणून त्याच दिवशीं त्यांच्या प्रती काढून ठेवाव्या.