इंजिनाला झेपेल तो पंखा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे कुणी नवी मोटरसायकल घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘अ‍ॅव्हरेज किती देते?’ साठ, सत्तर असं काही उत्तर आलं की विचारणारा समाधानानं मान डोलावतो. आज मी ज्या यंत्राविषयी बोलणार आहे त्यानं लिटरला ८०० किलोमीटरपेक्षा जास्त अंतर कापलं. तेही रस्त्यावर नव्हे, अटलांटिक महासागरावर.

९ ऑगस्ट २००३ रोजी कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर, केप स्पिअर या टोकावरून, मेनार्ड हिल नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी एक छोटं विमान आकाशात सोडलं. हिल तेव्हा ७७ वर्षांचे होते. दृष्टी जवळजवळ गेलेली, ऐकूही कमी यायचं. विमान बाल्सा लाकडाचं, पंख सुमारे सहा फूट, आणि इंधन धरून वजन पाच किलोंच्या आत, कारण विक्रमाचा नियमच तसा होता. याआधी सोडलेली त्यांची विमानं समुद्रात गेली होती. हे मात्र ३८ तास ५२ मिनिटांनी, ११ ऑगस्टला, आयर्लंडमध्ये क्लिफडेनजवळच्या किनाऱ्यावर उतरलं. अंतर ३,०२८ किलोमीटर. १९१९ साली अल्कॉक आणि ब्राऊन हे अटलांटिक न थांबता ओलांडणारे पहिले वैमानिक याच क्लिफडेनजवळ उतरले होते. त्यांच्या विमानाला रोल्स-रॉईसची दोन दांडगी इंजिनं होती. हिल यांच्या विमानाचं इंजिन होतं १० सीसीचं. आपल्या जुन्या मोपेडचं ५० सीसीचं असे, त्याचा पाचवा हिस्सा. आणि इंधन एका अमेरिकन गॅलनपेक्षा कमी, म्हणजे पावणेचार लिटरच्या आत.

इतकं थोडं इंधन इतक्या लांब कसं पुरलं? एक कारण इंधनातच आहे. अशी छोटी इंजिनं बहुधा मेथॅनॉल नावाच्या अल्कोहोलवर चालतात. वजनाला वजन धरलं तर मेथॅनॉलमधून मिळणारी उष्णता पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी. हिल यांनी इंजिनाला ठिणगी देणारा प्लग बसवला आणि कॅम्पातल्या कंदिलात जळतं ते पांढरं पेट्रोल वापरलं. दुसरं कारण असं, की त्यांनी इंजिन मुद्दाम सावकाश फिरवलं आणि त्या सावकाश फिरण्याला साजेसा पंखा लावला. या दुसऱ्या कारणाविषयी मला थोडं सविस्तर बोलायचं आहे.

तुम्ही म्हणाल, कविता लिहिणाऱ्या माणसाचा आणि इंजिनाचा काय संबंध? माझी बी.ए.ची पदवी मराठीची. पण माझ्या बहिणीच्या मुलाला पेट्रोलवर उडणाऱ्या छोट्या विमानांचा नाद आहे, आणि सुटीच्या दिवशी त्याच्याबरोबर माळरानावर जाऊन मीही त्या नादाला लागलो. त्याच्या खोक्यात एक इंजिन आणि सात पंखे असतात. मी एकदा विचारलं, ‘अरे, इंजिन एकच, मग पंखे सात कशाला?’ तो म्हणाला, ‘मामू, इंजिन कितीही ताकदीचं असू द्या. पंखा जेवढं मागेल तेवढंच ते देणार.’ हे वाक्य मला पटायला दोन रविवार लागले.

पंख्यावर दोन आकडे लिहिलेले असतात. समजा २२×८. पहिला व्यास, इंचांत. दुसऱ्याला ‘पिच’ म्हणतात. लाकडात स्क्रू पिळताना एका फेऱ्यात तो जेवढा आत जातो, तसा हा पंखा हवेऐवजी एखाद्या घट्ट पदार्थात फिरला असता तर एका फेऱ्यात आठ इंच पुढे गेला असता, असा त्याचा अर्थ. मिनिटाला ७,००० फेरे धरले तर हिशेब ताशी ८५ किलोमीटरचा येतो. विमान याच्या थोडंफार अलीकडेपलीकडेच उडणार. त्याहून फार वेग हवा असेल तर नुसतं पेट्रोल जाळून तो मिळत नाही, पिच तरी वाढवावा लागतो किंवा फेरे तरी.

आणि इथेच खरी मेख आहे. फेरे वाढवणं फार महागात पडतं. त्याच पंख्याचे फेरे दुप्पट करायचे तर ताकद दुप्पट नव्हे, आठपट लागते. नुसते दहा टक्के वाढवायचे म्हटले तरी तेहेतीस टक्के जास्त. व्यासाचंही तसंच. पिच आणि फेरे तेच ठेवून २२ इंचांचा पंखा २३ चा केला, तर इंजिनावरचा बोजा एकोणीस-वीस टक्क्यांनी वाढतो. एका इंचासाठी! पिचचा बोजा मात्र साधारण सरळ हिशेबानं वाढतो. म्हणून २२×१० आणि २३×८ हे पंखे इंजिनाला जवळजवळ सारखेच जड जातात. इंजिनाला फरक कळत नाही, विमानाला मात्र पुरता कळतो. २३×८ लावलेलं विमान उभ्या जागी जोरात ओढ घेतं, झटकन वर चढतं, हवेत नाक वर करून लटकायच्या कसरती करतं. २२×१० लावलेलं उठायला थोडा वेळ घेतं आणि मग सरळ रेषेत पळत सुटतं.

मात्रावृत्तात लिहिणाऱ्याला हे ओळखीचं वाटेल. ओळीच्या मात्रा ठरलेल्या, त्यात लांब शब्द थोडे बसवा नाहीतर आखूड शब्द पुष्कळ. बेरीज तीच, चाल वेगळी. असो.

मोठा पंखा सावकाश फिरवणं फायद्याचं का, याचं उत्तर हवेत आहे. विमान पुढं जातं ते हवा मागं ढकलून. पुष्कळ हवा हळू ढकला किंवा थोडी हवा जोरात ढकला, ओढ सारखीच मिळू शकते. पण जोरात ढकललेल्या हवेबरोबर जास्त ऊर्जा वाया जाते. गर्दीत गाडी ढकलायची वेळ आली तर चार माणसं सावकाश ढकलतात तेच बरं, तसं काहीसं. राईट बंधूंना हे १९०३ सालीच उमगलं होतं. पंखा म्हणजे हवेत पिळलेला स्क्रू नव्हे, तो गोल फिरणारा विमानाचा पंखच आहे, असं धरून त्यांनी आपले साडेआठ फुटी पंखे कोरले आणि सायकलसारख्या साखळ्या लावून ते इंजिनापेक्षा पुष्कळच कमी वेगानं फिरवले. त्यांचं इंजिन जेमतेम बारा अश्वशक्तीचं होतं. चांगल्या पंख्यांवाचून ते विमान उठलं असतं असं मला वाटत नाही.

म्हणूनच इंजिनाच्या खोक्यावर छापलेल्या अश्वशक्तीवर माझा फारसा भरवसा नाही. तो आकडा खोटा असतो असं नव्हे. पण इंजिन ज्या फेऱ्यांना तेवढी ताकद देतं, तेवढे फेरे गाठायचे तर पंखा इतका लहान लावावा लागतो की मोठ्या विमानाला त्याचा काही उपयोग नाही. त्यातून आवाज. २२ इंची पंखा ७,००० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा पात्याचं टोक ताशी सुमारे ७४० किलोमीटरनं पळत असतं, आवाजाच्या वेगाच्या साठ टक्के. याच्या पुढं टोकाचा कर्कश आवाज झपाट्यानं वाढतो. शेजारच्या वस्तीतून येणारी तक्रार पुष्कळदा इंजिनाची नसते, पंख्याची असते.

ही पेट्रोल इंजिनं बहुतेक दोन स्ट्रोकची. पुष्कळांचं मूळ गवत कापायच्या यंत्रांत आणि झाडं तोडायच्या करवतींत आहे. इतिहास गंमतीचा आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत छोट्या विमानांना पेट्रोलचीच इंजिनं होती. १९४७ मध्ये रे आर्डेन यांचा ग्लो प्लग आला, ठिणगीचं कॉइल-बॅटरीचं ओझं गेलं आणि अल्कोहोलचं राज्य सुरू झालं. विमानं मोठी होत गेली तसं पेट्रोल परत आलं.

दोन स्ट्रोकच्या इंजिनात वंगणाचं तेल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं. पंखा बदलला की कार्ब्युरेटरची सुई पुन्हा लावावी लागते, ती यासाठीही. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं तर तेलही कमी पडतं. इंजिन थोडा वेळ मोठ्या उत्साहानं गातं, मग तापतं, मग आवाज खाली येतो, आणि पिस्टनवर ओरखडे उमटलेले असतात. पंखा फार मोठा असेल तर इंजिन चढावर चौथ्या गिअरमध्ये अडकलेल्या मोटरसायकलसारखं धापा टाकतं, तापतं, ठोके देतं. फार लहान असेल तर जमिनीवर सगळं छान वाटतं, पण विमान सूर मारताना फेरे नको तितके वाढतात आणि बेअरिंगं लवकर जातात.

जमिनीवर मोजलेल्या फेऱ्यांचा भरवसा यासाठीच बेतानं धरावा. विमान धरून ठेवलेलं असताना पात्यावर हवा आडवी आदळते, पिच जास्त असेल तर पातं हवेला नीट पकडूही शकत नाही. विमान पळू लागलं की ओझं हलकं होतं, फेरे काहीशे वाढतात. अनुभवी माणूस जमिनीवर थोडी जागा शिल्लक ठेवूनच पंखा निवडतो.

आणखी एक गंमत उंचीची. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, तिथली हवा मुंबईपेक्षा सुमारे पाच टक्के विरळ. महाबळेश्वरला ती बारा टक्क्यांच्या आसपास विरळ होते. विरळ हवेत इंजिनाची ताकद घटते, पण पंख्याला फिरताना होणारा अडथळाही तेवढाच घटतो. त्यामुळे टॅकोमीटरवर फेरे जवळजवळ तेवढेच दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे. ओढ मात्र कमी झालेली असते, आणि धावपट्टी अपुरी पडल्यावर ते लक्षात येतं. मे महिन्यातल्या दुपारी, चाळीस अंशांत, मुंबईत जुळलेला पंखा विदर्भात आळशी का वाटतो त्याचं कारणही हेच.

आता हिल यांच्या विमानाकडे पुन्हा बघा. एकूण प्रवासाची सरासरी ताशी ७८ किलोमीटर येते, त्यात वाऱ्याची मदतही धरा. वेगाची घाई नव्हती, कसरती करायच्या नव्हत्या. हवी होती फक्त दीड दिवसांहून जास्त काळ न थांबणारी, मंद, काटकसरीची चाल. फेरे कमी ठेवले की घर्षण कमी, इंधन कमी. मग तेवढ्या फेऱ्यांत विमान पुढं न्यायचं तर एका फेऱ्यात जास्त अंतर कापलंच पाहिजे, म्हणून पिच मोठा. असा पंखा कसरतीच्या विमानाला लावला तर मैदानावरची पोरं हसतील. अटलांटिकवर मात्र त्या इंजिनाला दुसरं काही लावून चाललं नसतं.

जाता जाता सावधगिरीचं. लाकडी पंखा दमट हवेत फुगतो, कोरड्यात आकसतो, बोल्ट ढिले पडतात. कोकणात पावसाळ्यानंतर ते हमखास तपासावेत. दोन्ही पात्यांचं वजन सारखं हवं. तसं नसेल तर थरथरीनं पेट्रोलला फेस येतो, स्क्रू गळतात, आतली रेडिओची यंत्रं बिघडतात. जड पातं मागच्या बाजूनं थोडं घासावं किंवा हलक्या पात्याला वार्निशचा हात द्यावा. कार्बनचा पंखा दिसायला देखणा, पण तो जमिनीवर आपटला तर धक्का थेट इंजिनाच्या दांड्यापर्यंत जातो. लाकडी असेल तर स्वतः तुटतो आणि दांडा वाचवतो. शिकाऱ्यानं लाकडीच घ्यावा, असं माझं मत.

इंजिन सुरू असताना पंख्याच्या रेषेत, बाजूला, कुणी उभं राहू नये. बघ्यांनी नेहमी मागं राहावं. पात्याचा तुकडा सुटला तर तो बाजूलाच उडतो. आणि बोटांची किंमत मी सांगायला नको. ठिणगीचा स्विच बंद असल्याची खात्री केल्याशिवाय माझा भाचा पंख्याला हात लावत नाही. तडा गेलेला पंखा तो कधी चिकटवून वापरत नाही. घरी आणतो, गुडघ्यावर धरून त्याचे दोन तुकडे करतो आणि मगच कचऱ्यात टाकतो, म्हणजे तो उचलून कुणी पोरगं आपल्या विमानाला लावणार नाही.